खुरांनी लिंपलेली बोडी

आमच्या घरामागची बोडी, म्हणजे लहान तळे, मी स्वतः बिघडवली, आणि तीही चांगल्या हेतूने. निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा ती गाळाने भरून परातीसारखी उथळ झाली होती. पाटबंधाऱ्याच्या कामात तीस वर्षे घालवलेला माणूस मी. खोली वाढली की साठा वाढतो, हा हिशेब मला पाठ होता. मे महिन्यात जेसीबी लावला, चार दिवसांत साडेतीन फूट माती काढली आणि शेजाऱ्यांनी ती आनंदाने आपापल्या भाताच्या बांध्यांत नेली. त्या पावसाळ्यात बोडी काठोकाठ भरली. पौषात तिच्या तळाला भेगा पडल्या. पूर्वी तिच्यात चैत्रापर्यंत पाणी असे.

बकेटमधून शेवटी शेवटी जी माती वर येत होती ती आजही डोळ्यांसमोर आहे. वरचा गाळ काळा आणि भुसभुशीत होता. त्याखालचा वीतभर थर मात्र निळसर करडा, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, तुटला की सुरीने कापल्यासारखी कड देणारा. वास कुजक्या अंड्याचा, पण हलका. त्याच्याखाली पिवळा मुरूम लागला. मुरूम पाहून मला बरे वाटले, घट्ट तळ लागला म्हणून. खरे तर तळ मी त्याच क्षणी उचलून ट्रॉलीत भरला होता.

आमचे गाव गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या बाजूला. घर कोहळ्यांचे. झाडीपट्टीत भात आणि तळे या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि या मुलखात तळी बांधणारा समाज म्हणून कोहळ्यांचे नाव घेतले जाते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ छापला, त्यातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे अशीच आहे. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे परंपरा सांगते. पुढे लोकांनी त्यांना देवपण दिले, कोलासूर म्हणून आजही त्यांची पूजा होते. तळे बांधणाऱ्याला त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन द्यायची, अशी रीत चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी पाडली. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीच्या नावात तो शब्द अजून जिवंत आहे.

या तळ्यांबद्दल लिहिताना सगळे जण पाळीबद्दल, म्हणजे बांधाबद्दल लिहितात. आमच्या बोलीत ‘ळ’ नाही, म्हणून आम्ही तिला पार म्हणतो. पार दिसतो, त्याच्यावर मोहाची आणि आंब्याची झाडे असतात, त्याची लांबी मोजता येते. तळाबद्दल कोणी लिहीत नाही. मीही तीस वर्षांत कधी विचार केला नव्हता. चार टेकड्यांच्या मधली जागा निवडून एका बाजूने पार घातला की तळे झाले, असे आपण समजतो. पण आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी दोन-तीन हातांखाली मुरूम लागतो आणि मुरूम चाळणीसारखा. नुसता बांध घालून त्यावर पाणी चैत्रापर्यंत थांबणार नाही. ते थांबत होते, कारण तळ कोणीतरी मळत होते.

कोण, ते मी लहानपणी रोज पाहिले होते आणि तरी पाहिले नव्हते. सकाळी आखरावर गावची ढोरे गोळा व्हायची आणि गायकी त्यांना घेऊन जंगलाकडे जायचा. दुपारी आणि परतताना ढोरे बोडीवर यायची. गाई काठावर पाणी पिऊन जात. म्हशी आणि हेले, म्हणजे रेडे, मात्र पोटापर्यंत आत शिरत, डुंबत, लोळत, उठत, पुन्हा बसत. आता यातली खरी गोष्ट अशी की बोडीचा काठ एका जागी राहत नाही. कार्तिकात पाणी वरच्या कडेला असते, मग बांध्यांना सोडल्याने आणि उन्हाने ते रोज थोडे खाली सरकते. त्याच्या मागोमाग खुरेही सरकतात. एका दिवशी फार तर चार-पाच हात रुंदीचा ओला पट्टा तुडवला जातो. पण कार्तिकापासून चैत्रापर्यंत तो पट्टा सरकत सरकत सगळ्या तळावरून फिरून येतो. दरवर्षी, कुणीही न सांगता, बोडीचा तळ एकदा पूर्ण मळून निघत असे.

मळल्याने नेमके काय होते, हे भाताच्या बांधीत कळते. मोकळ्या मातीचे ढेकूळ म्हणजे बारीक कणांची गुठळी, आणि गुठळ्यांच्या मधल्या वाटांनी पाणी खाली जाते. उभ्या पाण्यात चिखल केला की गुठळ्या फुटतात, चिकणमातीचे पापुद्र्यासारखे कण सुटे होऊन एकावर एक आडवे बसतात आणि वाटा बुजतात. त्यातही नांगराच्या फाळापेक्षा खुराचे काम वेगळे. एवढ्या मोठ्या जनावराचे वजन चार लहान खुरांवर पडते, खूर खोल जातो आणि निघताना माती पिळून वर काढतो. वर्षानुवर्षे चिखलणी झालेल्या बांधीत वीतभर खाली जो कडक थर सापडतो, तो असाच तयार झालेला असतो. रोवणीनंतर पाणी बांधीत उभे राहते ते त्या थरावर.

बोडीत याच्या जोडीला शेण आणि मूत्र. पाण्याखाली हवा नसते, तिथे शेण कुजताना जंतूंचा चिकट लाळेसारखा पदार्थ तयार होतो आणि उरलेली छिद्रे भरतो. हवा नाही म्हणून मातीतल्या लोहाचा तांबूस रंगही जातो आणि निळसर करडा येतो. मृदाशास्त्रात अशा मातीला ग्ले म्हणतात. व्हिसोत्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९०५ साली हा लोकभाषेतला शब्द शास्त्रात आणला. म्हणजे मी ट्रॉलीत भरली ती नुसती माती नव्हती. आजा-पणजाच्या काळापासून हजारो दुपारी म्हशींनी बसवलेले अस्तर होते ते.

हे फक्त आपल्याकडचे नाही. दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांवर पाणी क्षणभर थांबत नाही, तरी तिथे मेंढपाळांची गोल डबकी शतकानुशतके टिकली. गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने १७८९ सालच्या आपल्या पुस्तकात अशा एका डबक्याची नोंद केली आहे. खोली तीन फुटांवर नाही, व्यास तीसेक फूट, आणि तरी तीन-चारशे मेंढ्या आणि वीसेक मोठी जनावरे पिऊनही ते आटत नसे. लोक समजत, दवाने भरते. मुख्य गोष्ट खाली होती: मळलेल्या चिकणमातीचे अस्तर. ते बसवताना घोडे गोल गोल फिरवत. जेम्स ब्रिंडली याने १७६१ साली ब्रिजवॉटरचा कालवा बार्टन इथे नदीवरून पुलाने पलीकडे नेला, तोही मळलेल्या मातीच्या भरवशावर. पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने ओली माती मळून कुंड केले आणि त्यात पाणी ओतून दाखवले, असे त्याच्या चरित्रात येते. तिथल्या कालव्यांवर माती मळण्याचे बरेचसे काम मजुरांच्या बुटांनी झाले, आणि जवळपासची गुरे पात्रातून हाकल्याच्याही हकिकती आहेत.

माझ्या नोकरीत मला याच गोष्टीचा यांत्रिक वंशज भेटला होता. मातीच्या धरणात मधला गाभा काळ्या मातीचा, बाहेरचे कवच मुरुमाचे. गाभा दाबायला शीपफूट रोलर, म्हणजे मेंढीच्या खुरांसारखे लोखंडी खुंट बसवलेला ढोल. मेंढ्यांचा कळप ओल्या भरावावरून गेला आणि तेवढीच जागा दगडासारखी घट्ट झाली, त्यावरून अमेरिकेत हे यंत्र सुचले, अशी गोष्ट तेव्हा आमच्यात सांगत. माती किती ओली असताना दाबावी याचे गणित १९३३ साली लॉस एंजेलिसच्या राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने मांडले. त्याच्या नावाची चाचणी मी शेकडो वेळा केली. भराव आणि तळे यांत मात्र फरक आहे. भरावाची माती ओलसर असताना दाबायची असते, चिखल झाला तर काम वाया. तळ्याच्या अस्तराला चिखलच लागतो. हा फरक मला कागदावर पूर्ण माहीत होता. घरामागे उभा राहिलो तेव्हा तो आठवला नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

१९५१ साली मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली आणि पूर्व विदर्भातली सहा हजारांहून अधिक तळी सरकारची झाली. नावापुढे ‘माजी’ लागले, माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी जाण्याबद्दल मला खंत नाही, ती जायलाच हवी होती. पण पाणी आणि देखभाल यांचा गावातला जुना करार तिच्याबरोबर मोडला आणि नवा नीट झाला नाही. गाळ साचला, बेशरम माजली, हे सगळे अहवालांत येते. ढोरे कमी झाली हे त्याच अहवालांत तळ्यांच्या दुरवस्थेखाली येत नाही, ते पशुगणनेत वेगळे येते. ट्रॅक्टर आला, केजव्हीलने बांधीचा चिखल होऊ लागला, हेले विकले गेले. बांधीला यंत्र मिळाले. बोडीच्या काठावरून रोज थोडे खाली सरकणारे यंत्र कोणी केले नाही.

पुतण्या म्हणाला, “काका, शेततळ्यासारखा प्लास्टिकचा कागद टाकून घेऊ.” तसे केले असते तर पाणी नक्की राहिले असते. पण कागदावर कमळ उगवत नाही, आणि ढोर उतरले तर कागद फाटतो. मी आधी मातीची वात वळून पाहिली. मुरुमाची वळलीच नाही, चुरा झाला. एवढ्यावर ढोरे सोडून काही होत नाही; ज्या मातीत चिकण नाही ती कितीही तुडवली तरी धरत नाही. म्हणून दिलेल्या मातीतली थोडी शेजाऱ्यांकडून परत मागून आणली, तिची बोटभर लांब वात वळे आणि वाकवली तरी तुटत नव्हती. वीतभर जाड पसरली. मृगाच्या पावसात घोटाभर पाणी साचले तेव्हा शेजारच्या गावाहून हेल्यांची एक जोडी मागवली.

जोडीचा मालक सत्तरीचा. त्याने काठीने चिखल टोचला आणि म्हणाला, “अजून पानी पाहिजे बाबा. हेला सुक्यात फिरला तं नुसता थकते.” दोन दिवस थांबलो. मग त्याने जोडी आत घातली, काठाकडून मध्याकडे, गोल. पहिल्या फेऱ्यांत खुरांचे खड्डे दिसत आणि त्यातले पाणी बघता बघता मुरे. दुपारनंतर चिखल लापशीसारखा झाला. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी काठावरच्या एका खुराच्या ठशात पाणी पाहून ठेवले. सकाळी ते तसेच होते, वर एक पान तरंगत होते.

पारावर मात्र त्याने हेले एकदाही चढू दिले नाहीत. तिथे खुराची वाट पडली की पाऊस तिथूनच पार कापतो, हे मला त्याने सांगितले आणि मी मान डोलावली.

त्या वर्षी पाणी माघापर्यंत राहिले. पुढच्या मृगात त्याला पुन्हा बोलावले, शेण घालून पुन्हा तुडवले, आणि यंदा फाल्गुन संपताना मधल्या खळग्यात गुडघाभर पाणी आहे. चैत्र अजून गाठायचा आहे. गावात आता दुभत्या म्हशी अकरा उरल्या आहेत. त्यांना दुपारी आमच्या बोडीत सोडा, असे मी घरोघर जाऊन सांगितले. पाच येतात. हेल्यांचा मालक दिवाळीनंतर जोडी विकणार होता, गिऱ्हाईकही ठरले होते. एक मृग अजून थांबा म्हणून त्याला गळ घातली आहे, आणि जोडीचा वर्षाचा चारा माझ्याकडे लागला.