नोकरी मुलाची, पत्रं वडिलांची

२३ सप्टेंबर १७७७. पहाटे सहाच्या सुमारास साल्झबुर्ग शहरातून एक घोडागाडी बाहेर पडली. गाडीत एकवीस वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या सोबतीला छप्पन्न वर्षांची आई. मुलगा नोकरी शोधायला निघाला होता. गाडी हलल्यावर वडील जड पावलांनी जिना चढून वर आले, खुर्चीत बसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की निरोपाच्या गडबडीत मुलाला आशीर्वाद द्यायचाच राहिला. धावत खिडकीशी गेले, तोवर गाडी दिसेनाशी झाली होती. थोरली मुलगी रडून रडून आजारी पडली, डोक्याला फडकं बांधून झोपली. दोन दिवसांनी वडिलांनी पत्र लिहायला घेतलं. हे सगळं त्या पत्रात आहे. शिवाय, तुझ्या राखी सुटाची विजार घरीच राहिली आहे, हेही त्यातच आहे.

हा मुलगा म्हणजे वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट. वडील लेओपोल्ड. पुढचे जवळजवळ सोळा महिने मोझार्ट युरोपभर नोकरीसाठी फिरला. म्हणजे फिरला तो, पण शोध चालवला वडिलांनी, साल्झबुर्गच्या घरात बसून, पत्रांमधून. ही पत्रं घरच्यांनी जपून ठेवली, त्यामुळे आज आपल्याला त्या सोळा महिन्यांची हकिकत मुक्कामागून मुक्काम वाचता येते.

मुलाखतीच्या दिवशी कंपनीच्या दारापर्यंत जाणारे आईवडील आपण पाहतो. मुलाचा अर्ज स्वतः भरणारे, साहेबांना परस्पर फोन करणारे पाहतो आणि म्हणतो, काय हा काळ आला! दोष मोबाइलला देऊन मोकळे होतो. लेओपोल्डकडे मोबाइल नव्हता. पत्र मानहाइमला पोहोचायला जवळपास आठवडा लागे, उत्तर यायला तितकाच. तरीही एकवीस वर्षांच्या मुलाने कुणाला आधी भेटावं, भेटीत काय बोलावं, खानावळीत किती खर्च करावा, याची सविस्तर टिपणं साल्झबुर्गहून निघत असत.

हा लेओपोल्ड होता कोण? १७१९ साली आउग्सबुर्गला एका पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या घरी जन्मलेला हुशार मुलगा. साल्झबुर्गच्या विद्यापीठात शिकायला आला. त्याने पाद्री व्हावं अशी घरची अपेक्षा होती. वर्गात फिरकला नाही म्हणून १७३९ साली विद्यापीठाने नाव काढून टाकलं, आणि गडी संगीतात शिरला. म्हणजे स्वतःच्या पोटापाण्याच्या बाबतीत त्याने थोरांचं ऐकलं नव्हतं. पुढे साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या दरबारात तो व्हायोलिन वाजवू लागला. १७५६ साली त्याने व्हायोलिन शिकवण्यावर लिहिलेलं पुस्तक नावाजलं गेलं. त्याच वर्षी वोल्फगांगचा जन्म झाला. सात मुलांपैकी दोनच जगली, नानर्ल आणि वोल्फगांग. आणि ती दोन काय निघाली! १७६३ ते १७६६ अशी तीन वर्षं लेओपोल्डने या दोन लेकरांना घेऊन पॅरिस, लंडन पालथं घातलं. राजेराण्यांनी मुलाला मांडीवर घेतलं, भेटी दिल्या. हे सगळं जुळवून आणलं लेओपोल्डने. कुठल्या दरबारात कुणाच्या ओळखीने शिरायचं, जाहिरात कशी करायची, हे त्याला उत्तम जमत असे.

त्या काळी जर्मन भाषेच्या मुलखात शेकडो लहानमोठी संस्थानं होती. आपल्याकडे अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरच्या दरबारी होते, तसेच तिकडचे वादक आणि रचनाकार कुठल्या ना कुठल्या दरबारच्या पगारावर असत. सर्वांत मोठी जागा कापेलमाइस्टरची, म्हणजे दरबारी संगीताच्या प्रमुखाची. लेओपोल्ड १७६३ साली उपप्रमुख झाला आणि मरेपर्यंत उपप्रमुखच राहिला. जी जागा आपल्याला मिळाली नाही ती मुलाला मिळावी, तीही साल्झबुर्गपेक्षा मोठ्या दरबारात, हा ध्यास त्याने घेतला होता. हे ओळखीचं वाटतं की नाही?

या खटपटीचा उलटा परिणाम होतोय, हे मात्र त्याला कधी उमगलं नाही. १७७१ साली मिलानमध्ये पंधरा वर्षांच्या मोझार्टचं काम पाहून तिथल्या आर्चड्यूक फर्डिनांडच्या मनात त्याला नोकरीत घ्यायचं आलं. त्याने आईला, म्हणजे सम्राज्ञी मारिया तेरेसाला विचारलं. तिने डिसेंबरात उत्तर पाठवलं. आशय असा : असल्या निरुपयोगी माणसांचं ओझं घेऊ नकोस, हे लोक भिकाऱ्यांसारखे जगभर हिंडतात, शिवाय त्याचं कुटुंबही मोठं आहे. हीच सम्राज्ञी, जिच्यासमोर सहा वर्षांचा वोल्फगांग वाजवून गेला होता. मुलाला नाव मिळवून देणाऱ्या त्या दौऱ्यांनीच त्याची नोकरी घालवली. आणि सम्राज्ञीने एका मुलाला नव्हे, अख्ख्या कुटुंबाला नकार दिला होता, हे विशेष. बापलेक जोडीनेच येणार, हे सगळ्या युरोपला माहीत झालं होतं.

साल्झबुर्गला १७७२ साली कोलोरेडो नावाचे नवे आर्चबिशप आले. हे शिस्तीचे, काटकसरी. वोल्फगांगला वर्षाला दीडशे गुल्डन पगार. १७७७च्या ऑगस्टात मुलाच्या नावाने सुट्टीचा अर्ज गेला. अर्जाची भाषा वडिलांच्या वळणाची आहे. आर्चबिशपनी शेरा मारला, की बाप आणि लेक दोघांनाही बायबलच्या वचनाप्रमाणे अन्यत्र नशीब काढायची मोकळीक आहे! लेओपोल्डच्या पायाखालची जमीन सरकली. पुढे त्याला कामावर कायम ठेवलं गेलं, पण आता रजा मागायची सोय उरली नाही. मुलाला एकट्याला पाठवायची मात्र त्याची तयारी नव्हती. म्हणून आईला सोबत धाडलं.

म्युनिकला तिथल्या संस्थानिकाला, म्हणजे इलेक्टरला, मोझार्ट ३० सप्टेंबरला उभ्याउभ्या भेटला. मी तीनदा इटलीला जाऊन आलो, तीन ऑपेरा लिहिले, बोलोन्याच्या अकादमीची परीक्षा एका तासात दिली, असं त्याने भराभर सांगून टाकलं. इलेक्टर भला माणूस. म्हणाला, बाळा, जागाच रिकामी नाही रे. हे ‘जागा रिकामी नाही’ पुढे सगळीकडे ऐकू येतं. आउग्सबुर्गला पोपने दिलेलं पदक छातीवर लावून गेला, तर तिथल्या बड्या घरच्या पोरांनी, केवढ्याला पडतं हो हे, म्हणून टवाळी केली. मानहाइमला वाजवणं आवडलं, पैसे नाही, सोन्याचं घड्याळ मिळालं. मोझार्टने घरी लिहिलं, की आता माझ्याकडे पाच घड्याळं झाली, विजारीला दोन्ही बाजूंना घड्याळाचे खिसे शिवून दोन्ही घड्याळं लावून जावं म्हणतो, म्हणजे पुढचा सरदार तरी सहावं देणार नाही. हा विनोद वाचून साल्झबुर्गला कुणाला हसू आलं असेल असं वाटत नाही. तिकडे कर्ज वाढत होतं.

हे कर्ज विसरून लेओपोल्डला दोष देणं सोपं आहे, आणि अनेक चरित्रकारांनी तो दिलाही आहे. पण १७७८च्या फेब्रुवारीत त्याने लिहिलंय, की डोक्यावर सुमारे सातशे गुल्डनचं कर्ज आहे, मी शिकवण्या करतो, अंगावरचे कपडे विरलेत. मुलाच्या नोकरीवर सगळं घर टांगलेलं होतं. घरात लग्नाची मुलगी होती. तिचं वादनही कधीकाळी भावाच्या बरोबरीने गाजलं होतं. तिच्यासाठी नोकरी शोधायचं कुणाच्या मनातही आलं नाही, हेही जाता जाता नोंदवून ठेवू.

मानहाइमला मोझार्ट प्रेमात पडला. वेबर नावाच्या गरीब संगीत-नकलनविसाची मुलगी, आलोइसिया. सुरेख गाणारी. ४ फेब्रुवारी १७७८ला त्याने घरी बेत कळवला, की वेबर कुटुंबाला घेऊन इटलीला जातो, तिला गायिका म्हणून पुढे आणतो. विचार करा, नोकरीसाठी पाठवलेला मुलगा दुसऱ्याच्याच मुलीच्या नोकरीला लागला! पत्र वाचून लेओपोल्डला रात्रभर झोप लागली नाही. १२ तारखेचं त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे. आशय एवढाच : पॅरिसला जा, ताबडतोब, आणि मोठ्या माणसांत जाऊन बस. लोक विसरून जातील असा सामान्य वादक व्हायचं, की पुढच्या पिढ्या ज्याच्याविषयी वाचतील असा कापेलमाइस्टर, ते तुझ्या हाती आहे. पुढच्या पिढ्यांबद्दल त्याचा अंदाज चुकला नाही. चुकली ती कापेलमाइस्टर ही अट.

पॅरिससाठी लेओपोल्डने ओळखीच्या लोकांची लांबलचक यादी पाठवली. ही यादी १७६३-६६च्या दौऱ्यातली. यातली काही माणसं अजून तिथे असतील का, असली तरी त्यांना आठवत असेल का, हे कोण सांगणार? मला माझ्या पदवीनंतरचा प्रसंग आठवतो. वडिलांनी एका कचेरीतल्या साहेबांच्या नावाने चिठ्ठी दिली होती, अगदी विश्वासाने. मी ती घेऊन गेलो, तर साहेब निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. शिपायाने चिठ्ठी उलटसुलट करून परत दिली. घरी येऊन मी हे सांगितलं नाही, साहेब रजेवर आहेत म्हणालो.

पॅरिसने पूर्वी सात वर्षांचं आश्चर्य पाहिलं होतं. आता आला होता बावीस वर्षांचा, ठेंगणा, नोकरी मागणारा माणूस. शाबो नावाच्या एका सरदारीण बाईंनी त्याला थंडगार, शेकोटी नसलेल्या दालनात अर्धा तास बसवून ठेवलं. मग वाजवायला सांगितलं, आणि मंडळी टेबलाभोवती चित्रं काढत बसली. मी खुर्च्यांसाठी आणि भिंतींसाठी वाजवलं, असं त्याने मे महिन्यात कळवलं. व्हर्सायला ऑर्गनवादकाची जागा चालून आली होती, सहा महिन्यांच्या कामाला वर्षाला दोन हजार लिव्र. एकदम नाही म्हणू नकोस, असं वडिलांनी बजावलं. त्याने ऐकलं नाही.

आणि आई? आना मारिया खरं तर मानहाइमहून घरी परतणार होती. वेबर प्रकरण कळल्यावर लेओपोल्डने हुकूम केला, की मुलाबरोबर पॅरिसला जा. पॅरिसला ती दिवसभर अंधाऱ्या खोलीत एकटी बसून असे. कैदेत असल्यासारखं वाटतं, बाहेर हवा कशी आहे तेही कळत नाही, असं तिने एप्रिलमध्ये लिहिलंय. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. जूनमध्ये आजारी पडली आणि ३ जुलैच्या रात्री गेली. मुलाने त्याच रात्री वडिलांना एवढंच लिहिलं, की आई फार आजारी आहे. दुसरं पत्र साल्झबुर्गमधल्या बुलिंगर या घरोब्याच्या पाद्रीबाबांना : वडिलांच्या मनाची तयारी करा. आयुष्यभर आपल्या मनाची तयारी करून देणाऱ्या बापासाठी ही उलटी तयारी मुलाने केली.

इकडे लेओपोल्डने १२ जुलैला पत्र सुरू केलं होतं, ‘प्रिय पत्नी आणि मुला’ असं. महिनाअखेरीस येणाऱ्या तिच्या नामदिनाच्या शुभेच्छा त्यात लिहिल्या. १३ला सकाळी दहाच्या आत मुलाचं पत्र आलं. त्याच कागदावर खाली पुढचा मजकूर सुरू होतो. इतिहासाची पुष्कळ कागदपत्रं वाचली, पण हा कागद वाचताना थांबावं लागतं.

पॅरिसमधले त्यांचे हितचिंतक ग्रिम यांनी लेओपोल्डला कळवलं, की मुलगा फार भोळा आहे, बुद्धी निम्मी असती आणि व्यवहारज्ञान दुप्पट असतं तर मला त्याची काळजी नसती. माझ्या मते या वाक्यात सगळं आलं. व्यवहार आजवर बाबांनी केला होता. मुलाला तो करायची वेळच कधी आली नव्हती.

शेवटी नोकरी लेओपोल्डनेच मिळवली, आणि कुठे? साल्झबुर्गला, त्याच आर्चबिशपकडे. दरबारी ऑर्गनवादकाची जागा रिकामी झाली होती, पगार ४५० गुल्डन. मुलाने यावं म्हणून, त्या वेबरांच्या मुलीलाही इथे संधी मिळेल, असंही आमिष दाखवलं. मोझार्ट रेंगाळत निघाला. म्युनिकला आलोइसियाने त्याला नकार दिला. १७७९च्या जानेवारीत तो घरी पोहोचला.

पुढची कथा दोनच वर्षांची. १७८१ साली व्हिएन्नात आर्चबिशपशी त्याचं भांडण झालं, आणि ८ जूनला आर्को नावाच्या अधिकाऱ्याने त्याला लाथ मारून दाराबाहेर काढलं. वडील पत्रांतून माफी मागायला सांगत राहिले. त्यांची ती पत्रं उरलेली नाहीत, मुलाची उत्तरं आहेत, त्यांवरून कळतं. मोझार्ट परतला नाही. शिकवण्या, जलसे, ऑपेरा यांवर त्याने संसार थाटला, तोही आलोइसियाच्याच बहिणीशी, कोन्स्टान्झेशी. लग्न ४ ऑगस्ट १७८२ला झालं, वडिलांची संमती दुसऱ्या दिवशी पोहोचली.

१७८५ साली लेओपोल्ड व्हिएन्नाला मुलाकडे राहायला आला. जुन्या सवयीने तो मुलीला पत्रांतून हिशेब कळवतो : एका जलशात ५५९ गुल्डन मिळाले. हायडनसारखा मोठा रचनाकार त्याला म्हणाला, तुमचा मुलगा मला माहीत असलेला सर्वांत थोर रचनाकार आहे. म्हातारा खूश झाला. पण नोकरी? ती अजून नव्हतीच.

लेओपोल्ड २८ मे १७८७ला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात सम्राट जोसेफने मोझार्टला वर्षाला ८०० गुल्डनवर दरबारी रचनाकार नेमलं. काम म्हणजे मुख्यतः दरबारी नाचांसाठी संगीत लिहायचं. १९ डिसेंबरला मोझार्टने ही बातमी कळवणारं पत्र लिहिलं. साल्झबुर्गच्या घरी आता ते वाचायला कोणी नव्हतं. पत्र सेंट गिल्गनला, बहिणीच्या पत्त्यावर गेलं.