वखारीतली पिंपे

बोईसरहून चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत अब्बांची गवताची वखार होती. आसपासच्या माळावरचे गवत तिथे दाबून गठ्ठे व्हायचे आणि मुंबईच्या तबेल्यांत जायचे. अब्बांमागे तो धंदा उरला नाही. मी कविता लिहिणारा माणूस. वखार भाड्याने दिली. भाडेकरू म्हणाला, ‘रंगाचे सामान ठेवतो.’ तीन महिन्यांचे भाडे त्याने आगाऊ मोजले. मी ते घेतले, पिंपांत डोकावलो नाही.

चौथ्या महिन्यात त्याचा फोन बंद झाला. मी गेलो तेव्हा दाराला कुलूप, आत साठ-सत्तर पिंपे, आणि दाराखालून बाहेर आलेला तपकिरी ओघळ. पहिला पाऊस होऊन गेला होता. सगळा माळ हिरवा, पण ओघळाच्या वाटेवर गवताची काडी नव्हती. पाड्यावरच्या बायका म्हणाल्या, विहिरीच्या पाण्याला वास येतो.

असे आणखी कुठे घडले, हे शोधू लागलो, तेव्हा थेट नायजेरियात पोहोचलो. तिथल्या कोको या बंदरगावी एका माणसाने आपले आवार महिना सुमारे शंभर डॉलरने भाड्याने दिले होते. कागदोपत्री भलताच माल दाखवून इटलीतून तिथे हजारो पिंपे आली. त्यांत विषारी रासायनिक कचरा होता. इटलीत शिकणाऱ्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी 1988 मध्ये ही गोष्ट आपल्या देशातल्या वर्तमानपत्रांना कळवली, तेव्हा बोभाटा झाला. कचरा परत घेऊन निघालेल्या ‘कारिन बी’ या जहाजाला युरोपातल्या एकामागून एक बंदरांनी नकार दिला. ज्यांच्या घरचा कचरा, त्यांनाच तो दारात नको होता! मार्च 1989 मध्ये असा कचरा देशोदेशी पाठवण्यावर बंधने घालणारा बाझल करार झाला, त्यामागे या प्रकरणाचा मोठा धक्का होता.

आपल्याकडे भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली जुलै 1989 मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम निघाले. पुढे 2016 च्या नियमांनी कारखान्याला असा कचरा साधारणपणे नव्वद दिवसांपर्यंतच साठवायची मुभा दिली. तो बाहेर पडताना सोबत सात प्रतींचे पत्रक हवे, प्रत्येक प्रत वेगळ्या रंगाची. पाठवणारा, नेणारा, घेणारा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, साऱ्यांकडे नोंद राहावी म्हणून. कल्पना चांगली आहे. पण रीतसर विल्हेवाटीला पैसे पडतात. आडरानातली वखार त्याहून स्वस्त, आणि रात्री सुटलेल्या टेम्पोबरोबर सात रंगांतला एकही कागद नसतो.

तारापूरची औद्योगिक वसाहत सत्तरच्या दशकापासून वाढत गेली. हजारोंना रोजगार मिळाला. आमच्या घरातलीही मुले तिथे कामाला लागली. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिले आले. त्याआधीच, 2016 मध्ये, इथल्या मांगेला मच्छीमार समाजाची संघटना सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती. खाडीतल्या मासळीला बोलता येत नाही, म्हणून कोळ्यांना बोलावे लागले.

वखारीपुरते बोलायला मात्र मीच होतो. पोलिसांत तक्रार दिली, अर्ज केले, पंचनामा झाला. ‘जागा कुणाची?’ हा पहिला प्रश्न प्रत्येक टेबलावर मलाच विचारला गेला. भाडेकरूने दिलेला पत्ता खोटा निघाला. करारनामा मी केलाच नव्हता. पिंपे आणि खालची माती उचलून नेईपर्यंत दुसरा पावसाळा आला. खर्च माझ्या अंगावर पडला. तो पडायलाच हवा होता, असे आता वाटते.

म्हणून जागा भाड्याने देणाऱ्यांना एवढेच सांगतो. करार लेखी करा, ओळखपत्र पडताळा, काय ठेवणार ते करारात लिहून घ्या, आणि महिन्यातून एकदा कुलूप उघडून बघा. पिंपे सापडलीच, तर हात लावू नका, रिकामी करून कुणाला पाणी भरायला देऊ नका. आधी तक्रार नोंदवा.

वखारीच्या दारात आता पुन्हा थोडे गवत उगवते. पाड्यावरच्या बायका त्या विहिरीचे पाणी अजून भांड्यांपुरतेच वापरतात. प्यायचे पाणी लांबून आणतात. मला मिळाले होते तीन महिन्यांचे भाडे.