भूमी, केरसुणी आणि विनय

गेल्या वर्षावासात तळोजा येथील एका वसाहतीत प्रवचनाचा योग आला. इमारतीच्या तळमजल्यावरील एका लहानशा सभागृहात बुद्धमूर्ती आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा ठेवून तेथील उपासक-उपासिकांनी विहार उभा केला आहे. प्रवचन संपले. पुरुषमंडळी पावसाचा आडोसा धरून बाहेर चर्चा करीत उभी राहिली आणि चार-पाच स्त्रिया सतरंज्या गुंडाळून लादी पुसू लागल्या. त्यांतील एका वृद्ध उपासिकेने फडके पिळता पिळता विचारले, “सर, भगवंतांच्या काळी विहार कोण झाडत होतं? भिक्खू, की दुसरं कुणी?” मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले. परंतु हा प्रश्न दोन वाक्यांत संपणारा नाही. त्याचे सविस्तर उत्तर विनयपिटकात आहे, आणि ते आपल्या समाजाच्या इतिहासाशी निकटचा संबंध ठेवणारे आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

घराची जमीन झाडणे, सारवणे, पुसणे हे काम इतके रोजचे आहे की त्याला इतिहास असेल असे आपल्याला वाटतच नाही. वास्तविक या कामाला भारतात दोन इतिहास आहेत. एक शुद्धाशुद्धतेचा आहे आणि दुसरा स्वच्छतेचा.

पहिल्या इतिहासाचा आधार मनुस्मृतीत सापडतो. तिच्या पाचव्या अध्यायात भूमी शुद्ध करण्याचे पाच उपाय सांगितले आहेत : झाडणे, सारवणे, पाणी शिंपडणे, खरवडणे आणि त्या जागी गाईंचा निवास घडविणे. यांतील पहिली चार कामे कोणत्याही घरात व्यवहाराचीच आहेत. परंतु त्याच अध्यायात चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण आणि प्रेत यांचा स्पर्श झाल्यास स्नानाने शुद्धी होते असेही विधान आहे. म्हणजे जमिनीवरचा मळ आणि माणसाचा जन्म, जमिनीवरची धूळ आणि स्त्रीचा देहधर्म यांना एकाच मापाने मोजले गेले. या विचाराची परिणती कोठवर गेली हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात नोंदविले आहे. पेशव्यांच्या राजधानीत, पुण्यात, अस्पृश्याला आपण तुडविलेली धूळ पुसली जावी म्हणून कमरेला झाडू बांधून चालावे लागे. ज्याच्या पावलाने रस्ता मलिन होतो असे ठरविले, त्याच्याच कमरेला तो पुसण्याचे साधन बांधले गेले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, ते या मापाचे दहन होते.

दुसरा इतिहास याहून जुना आहे. चुल्लवग्गाच्या सहाव्या खन्धकात, म्हणजे सेनासनक्खन्धकात, विहाराच्या बांधणीविषयी नियम आहेत. अन्य पंथीयांच्या निवासांत भिंती पांढऱ्या, जमीन काळ्या रंगाने घोटलेली आणि गेरूचे काम केलेले असे. लोक ते पाहावयास जात. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंनाही विहारात पांढरा रंग, काळा रंग आणि गेरूकाम यांची अनुमती दिली. लगेच पुढे अडचण येते ती तांत्रिक आहे : रंग धरत नाही. त्यावर उपाय सांगितले आहेत. पांढऱ्या रंगाखाली भाताच्या तुसाचा गिलावा थापीने द्यावा. तरीही धरला नाही तर बारीक माती, डिंक, पिठाची खळ वापरावी. काळ्या रंगासाठी गांडुळांनी काढलेली माती, डिंक आणि काढा; गेरूसाठी कोंडा मिसळलेली माती, मोहरीचे चूर्ण, मेणयुक्त तेल. थर जास्त झाला तर तो फडक्याने टिपून घ्यावा. तुसाचा हा गिलावा केवळ ग्रंथात राहिला नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांखाली जो मातीचा थर आहे, त्यात भाताचे तूस आढळते.

भूमीचे काम एकदा केले की ते टिकविण्याचा प्रश्न येतो. भिक्खू घोटलेल्या जमिनीवर थुंकू लागले तेव्हा रंग बिघडला. नियम झाला की तशा जमिनीवर थुंकू नये, आणि त्याच वेळी पिकदाणीची सोय दिली गेली. मंचकाचे व पीठाचे पाय जमिनीला ओरखडे पाडू लागले. त्यांना चिंध्या गुंडाळण्याची अनुमती मिळाली. टेकून बसल्याने भिंत खराब होऊ लागली. टेकण्यासाठी फळी देण्यात आली. धुतल्याविना किंवा ओल्या पायांनी शयनासनावर चालू नये हाही नियम येथलाच. मनाई जेथे आहे तेथे बहुधा सोयही आहे, हे या नियमांचे वैशिष्ट्य होय.

प्रत्यक्ष सफाईचे वर्णन महावग्गाच्या पहिल्या खन्धकात आणि चुल्लवग्गाच्या आठव्या, वत्तक्खन्धकात येते. प्रथम पात्र व चीवर बाहेर काढून एका बाजूस ठेवावे. मग आसन, गादी, उशी. मंचक खाली वाकवून, दाराला न घासता, न आपटता न्यावा. जमिनीवरचे अंथरूण कसे घातले होते ते आधी नीट ध्यानात ठेवावे आणि मगच उचलावे, म्हणजे पुन्हा तसेच घालता येईल. जळमटे असतील तर वरून आरंभ करावा. मग खिडक्यांच्या कडा व कोपरे पुसावेत. जमिनीची पाळी शेवटी. येथे विनय भूमीचे प्रकार वेगळे करतो. काळ्या रंगाने घोटलेली जमीन डागाळली असेल तर फडके भिजवून, पिळून पुसावी. जी जमीन अशी घोटलेली नाही तिच्यावर पाणी शिंपडून मग झाडावी. कारणही दिले आहे : विहार धुळीने मळू नये. केर निवडून एका बाजूला टाकावा. अंथरूण-पांघरूण भिक्खूंच्या जवळ झटकू नये, पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नये, वाऱ्याच्या उलट दिशेने झटकू नये. ज्या दिशेने धुळीचा वारा येत असेल त्या दिशेच्या खिडक्या लावून घ्याव्यात.

या संपूर्ण वर्णनात मंत्र नाही, प्रायश्चित्त नाही, कोणाच्या स्पर्शाने भूमी बाटल्याचा उल्लेख नाही. मळ म्हणजे धूळ, जळमट, डाग. तो दिसतो, तो काढता येतो, आणि तो काढण्याची रीत पदार्थानुसार बदलते. घोटलेल्या जमिनीवर फार पाणी ओतले तर थर सुटणार. मातीच्या जमिनीवर कोरडी केरसुणी फिरवली तर धूळ उडणार. हे निरीक्षणाचे ज्ञान आहे.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे येऊ. हे काम कोणाचे? विनयाचे उत्तर स्पष्ट आहे : जो तेथे राहतो त्याचे. शिष्याने उपाध्यायाचा विहार झाडावा हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच ठिकाणी पुढे हेही सांगितले आहे की शिष्याचा निवास मळलेला असेल तर, शक्ती असल्यास, उपाध्यायानेही तो स्वच्छ करावा. बाहेरून आलेल्या पाहुण्या भिक्खूला मळलेला विहार मिळाला तर त्यानेही तो स्वच्छ करावा. शौचकुटीचा नियम तर अधिक बोलका आहे. एक ब्राह्मण जातीत जन्मलेला भिक्खू शौचानंतर पाणी घेण्यास तयार नव्हता. असल्या नीच, दुर्गंधी गोष्टीला कोण हात लावील, अशी त्याची भावना होती. तो आजारी पडला. त्यानंतर शौचाचा नियम झाला, आणि शौचकुटी मळलेली दिसल्यास ती झाडावी हे सर्व भिक्खूंचे कर्तव्य ठरले. तेथे ज्येष्ठतेचा मानही ठेवला नाही. जो आधी आला त्याची पाळी आधी.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विनयातच आरामिकांचा, म्हणजे विहाराची कामे करणाऱ्या सेवकांचा उल्लेख आहे. पिलिन्दवच्छ स्थविरांना बिंबिसार राजाने आरामिक दिले आणि त्यांचे एक गावच वसले अशी कथा आहे. संघ पूर्णपणे आपल्याच हातांनी जगत होता असे म्हणता येणार नाही, आणि पुढील काळात श्रीमंत विहारांत श्रमाची विभागणी वाढली असणे शक्य आहे. तथापि आरामिक आले म्हणून भिक्खूंवरील वत्त रद्द झाले नाही. झाडणे हे विशिष्ट जन्माचे काम आहे असे विनयात कोठेही म्हटलेले नाही.

उलट जन्माची गाठ सोडविण्याचा प्रयत्न मात्र वारंवार दिसतो. शाक्य कुमारांनी आपला अभिमान उतरावा म्हणून उपाली न्हाव्याला आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली, आणि त्यामुळे वत्तानुसार ते त्याचे कनिष्ठ झाले. कोमेजलेली फुले काढून टाकणारा सुनीत भिक्खू झाला. त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत, आणि बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची कथा आवर्जून घेतली. या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. भगवंतांनी सुनीताला त्याच्या झाडण्याचे गुणगान गाऊन तेथेच ठेवले नाही. त्याच्या हातातील सक्तीची केरसुणी काढून घेतली आणि कर्तव्याची केरसुणी राजपुत्रांच्याही हाती दिली. श्रमाचे कौतुक करून श्रमिकाला जागच्या जागी ठेवण्याची जी रीत आपल्या देशात आहे, तिच्यापेक्षा ही गोष्ट अगदी निराळी आहे.

ज्ञानाच्या बाबतीतही तसेच. वैशालीतील एका दरिद्री शिंप्याने स्वतः विहार बांधावयास घेतला. त्याला कोणी शिकविले नव्हते. भिंत वाकडी झाली आणि पडली. असे तीनदा झाले. जे दान देतात त्यांनाच भिक्खू मार्गदर्शन करतात, मी गरीब म्हणून मला कोणी विचारत नाही, अशी त्याने तक्रार केली. तिच्यावरून बांधकामावर देखरेख करणारा भिक्खू नेमण्याची प्रथा सुरू झाली. कष्ट करणाऱ्याला त्या कामाचे ज्ञानही मिळाले पाहिजे, असा या कथेचा आशय आहे.

तळोज्यातील घरांत आज पाहावे तर तीन पिढ्यांत जमीन बदलली आहे. आजीने गावी शेणाने सारवलेली जमीन सांभाळली, मुलगी चाळीत शहाबादी फरशी किंवा मोझॅकच्या लादीवर वाढली, नात व्हिट्रिफाइड टाइलवर चालते. कारखान्यांची आणि बांधकामांची धूळ मात्र दररोज घरात येते. विनयाचा दंडक येथेही लागू पडतो : आधी भूमी ओळखावी. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असते. त्यांवर अ‍ॅसिड ओतले की डागाबरोबर दगडही खाल्ला जातो. टाइल स्वतः पाणी फारसे शोषत नाही, परंतु सांध्यांतील सिमेंट अ‍ॅसिडने झिजते. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. बहुतेक जमिनींना साधा साबण, स्वच्छ पाणी आणि घट्ट पिळलेले फडके पुरते. हे ज्ञान जिच्या हातात फडके आहे तिच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. आणि फडके एकाच हातात राहता कामा नये.

महारवतन १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आले. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले. तरीही गटारात उतरणारा माणूस कोणत्या समाजाचा असतो हे वाचकांना सांगावयास नको. हा अन्याय आपण बाहेर पाहतो आणि त्याविरुद्ध बोलतो, ते योग्यच आहे. परंतु आपल्याच विहारात प्रवचन ऐकणारे सारे आणि लादी पुसणाऱ्या त्याच चार स्त्रिया असतील, तर जन्माने ठरविलेल्या कामाची जागा लिंगाने ठरविलेल्या कामाने घेतली, एवढाच फरक झाला असे म्हणावे लागेल.

त्या वृद्ध उपासिकेला मी तेव्हा इतकेच सांगितले होते की भिक्खूच झाडत होते, आणि आचार्यही झाडत होते. त्यावर त्या म्हणाल्या, “मग पुढच्या रविवारी आमच्या अध्यक्षांना सांगा.” मी सांगितले. विहाराच्या फळ्यावर आता वंदना घेणाऱ्यांच्या नावांशेजारी लादी पुसणाऱ्यांचीही नावे पाळीने लिहिली जातात. या रविवारच्या पाळीत पहिले नाव अध्यक्षांचे होते, दुसरे माझे.