‘उन्हाळी’ की मूत्रमार्गाचा संसर्ग?

लघवीला आग होऊ लागली, की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर दोन दिवस काढण्याची पद्धत विदर्भातही जुनी आहे. उन्हाने शरीरातील पाणी घटून लघवी दाट झाल्यास आग होते आणि भरपूर पाणी प्याल्यावर ती शमते, हे खरेच. मात्र थोडी-थोडी लघवी वारंवार होणे, ओटीपोट दुखणे, लघवी गढूळ वा लालसर दिसणे ही लक्षणे जंतुसंसर्गाची असू शकतात.

दहापैकी सात-आठ रुग्णांत ‘ई. कोलाय’ हा जिवाणू कारणीभूत ठरतो. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये वर्णिलेला हा जिवाणू एरवी आतड्यात निरुपद्रवी असतो. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर, तर पुरुषांची सुमारे २० सेंटिमीटर लांब असते. साहजिकच स्त्रियांना धोका अधिक. आत शिरलेले जंतू धुऊन काढण्याचे काम लघवीच करते. गोंदिया हा तर धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत बांधीत दिवसभर वाकून राबणाऱ्या स्त्रीला आडोसा मिळत नाही, म्हणून ती पाणीच कमी पिते आणि लघवी रोखून धरते. याला निव्वळ वाईट सवय म्हणणे अन्यायाचे होईल.

संसर्ग मूत्राशयापुरता असल्यास तो खालच्या मार्गाचा, मूत्रपिंडापर्यंत चढल्यास वरच्या मार्गाचा. थंडी वाजून ताप, कुशीत वेदना व उलट्या ही दुसऱ्याची खूण; येथे विलंब जिवावर बेतू शकतो. साधा आणि गुंतागुंतीचा ही आणखी एक विभागणी. मूतखडा, पुरुषांतील प्रोस्टेटची वाढ, कॅथेटर अशा कारणांनी होणारा संसर्ग गुंतागुंतीचा मानण्याची रीत होती. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ मध्ये मात्र मूत्राशयापलीकडे पसरलेल्या संसर्गालाच गुंतागुंतीचा म्हटले. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाल्यास तो ‘वारंवार होणारा’ संसर्ग ठरतो.

जिल्ह्यात आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांची मूत्रपिंडे आधीच दुबळी होत असल्याने त्यांनी ताप अंगावर काढू नये. गर्भवतींची गोष्ट आणखी वेगळी. लक्षण नसतानाही लघवीत जंतू आढळल्यास त्यांना उपचार द्यावे लागतात. एरवी बहुतेकांना अशा वेळी औषधाची गरज नसते.

लघवीच्या कल्चर तपासणीचा अहवाल येण्यास दोन-तीन दिवस लागतात. नमुना मात्र प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वीच द्यावा.