लाईन स्लो नव्हती : एका प्रॉक्सी सर्व्हरच्या सेटिंगचा इतिहास

पेटची तयारी करणारी मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "इतिहासाचं प्राथमिक साधन म्हणजे पत्रं, अहवाल, दप्तर एवढंच ना?" माझा विषय कॉलेजांमधल्या संगणक-नेटवर्कचा इतिहास आहे, त्यामुळे माझं उत्तर जरा वेगळं असतं. कधी कधी अख्खं दप्तर चुकीचं सांगत असतं आणि खरं काय ते दोन ओळींच्या सेटिंगमध्ये सापडतं. आज त्याचंच एक उदाहरण देतो. त्यातली चूक माझी स्वतःची आहे, म्हणून ते चांगलं लक्षात राहिलंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात शैक्षणिक नेटवर्कची सुरुवात १९८६च्या अर्नेट प्रकल्पापासून झाली. त्यातल्या आठ संस्थांपैकी एक मुंबईत जुहूला होती, एनसीएसटी. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलकडून. तेव्हापासून पुढची पंधरा वर्षं परदेशातून येणारा प्रत्येक बाइट महाग होता. मग एकच पान शंभर मुलांनी उघडलं तर ते शंभर वेळा का आणायचं? एकदा आणा, जवळ ठेवा, बाकीच्यांना तिथूनच द्या. याला कॅशिंग प्रॉक्सी म्हणतात.

ही कल्पना सर्नच्या वेब सर्व्हरमध्ये १९९४लाच आली होती. त्यानंतर अमेरिकेत हार्वेस्ट नावाचा संशोधन प्रकल्प झाला. त्याच्या कोडवरून ड्युएन वेसल्स यांनी एनएलएएनआर या प्रयोगशाळेत ‘स्क्विड’ तयार केला आणि १९९६ला त्याची पहिली आवृत्ती आली. फुकट, लिनक्सवर चालणारा, जुन्या मशीनवरही उभा राहणारा. आपल्याकडच्या कॉलेजांनी तो उचलला यात नवल नाही.

आता कर्जतला येऊ. मी खोपोलीचा. सकाळची खोपोली–कर्जत लोकल पकडून कर्जतजवळच्या एका कॉलेजात शिकायला जायचो. साल २००७. दीडशेच्या आसपास मशीन, सगळ्यांना मिळून दोन एमबीपीएसची एक लाईन, आणि कोपऱ्यात एक गिगाबाइट रॅमचं एक मशीन, ज्यावर स्क्विड चालायचा. ते सांभाळायचे आमचे लॅब असिस्टंट. कंत्राटी नोकरी, पण काम मन लावून. आम्ही त्यांना दादा म्हणायचो.

त्या वर्षी प्रॉक्सीसाठी १६० जीबीची नवी डिस्क आली. मी तेव्हा स्वतःला लिनक्सवाला समजायचो. दादांना म्हटलं, "दादा, आता कॅश मोठी करू या. जितकी जागा तितका हिट जास्त." मी ‘कॅश_डिर’ १२० जीबी केलं आणि ‘कॅश_मेम’ ८ एमबीवरून ५१२ एमबी. हिशोब साधा वाटला. अर्धी रॅम स्क्विडला, अर्धी बाकीच्या कामाला.

पहिले दोन आठवडे सगळे खूश. तिसऱ्या आठवड्यापासून नेट रखडायला लागलं. दुपारी तर पान उघडायला मिनिट-मिनिट. नेमके प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस. तक्रारी गेल्या, वरून विचारणा झाली. दादांनी लाईन पुरवणाऱ्या कंपनीला पत्रं लिहिली, कंपनीने लाईन ठीक असल्याचं कळवलं, आणि शेवटी ठपका दादांवर आला. मीही गप्प बसलो, कारण माझ्या सेटिंगचा याच्याशी संबंध असेल असं वाटलंच नाही. बदल करून वीस दिवस झाले होते ना!

चूक कुठे होती ते समजायला किराणा दुकान डोळ्यांपुढे आणा. गल्ल्याजवळच्या फळीवर रोज खपणारा माल, मागे गोदाम. गोदामात कुठल्या कप्प्यात काय आहे याची एक वही, आणि ती गल्ल्यावरच ठेवावी लागते, नाहीतर प्रत्येक गिऱ्हाइकाला गोदाम धुंडाळावं लागेल. ‘कॅश_मेम’ म्हणजे फक्त फळी. वहीची जागा त्यात धरलेलीच नाही. स्क्विड डिस्कवरच्या प्रत्येक वस्तूची नोंद रॅममध्ये ठेवतो. त्या काळी सरासरी वस्तू १३ केबीची धरत, म्हणजे एका जीबीत सुमारे ८० हजार वस्तू. प्रत्येकीच्या नोंदीला ७० ते १०० बाइट. यातूनच तो प्रसिद्ध ठोकताळा आला की डिस्कच्या प्रत्येक जीबीमागे १० एमबी रॅम धरा (६४ बिट मशीनवर १४).

आता माझं गणित तपासा. १२० जीबीला १२०० एमबीची वही, वर ५१२ची फळी. रॅम होती १०२४. पण गोदाम एका दिवसात भरत नाही. रोज दोन-तीन जीबी माल साठत गेला, आणि ४५ जीबीच्या आसपास वही ४५० एमबीची झाली तेव्हा गल्ला भरला. मग लिनक्सने वहीची पानं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये टाकायला सुरुवात केली. त्या काळातली डिस्क सेकंदाला शंभरेक वेळाच इकडून तिकडे जाऊ शकायची. एकाच डिस्कवर कॅशही आणि स्वॅपही, त्यामुळे रॅममध्ये क्षणात होणारं काम डिस्कच्या रांगेत उभं राहिलं. लाईन रिकामी, आणि मुलं ताटकळत.

त्यात भारनियमन. अचानक वीज गेली आणि यूपीएसही दमला की स्क्विड उठल्यावर पुन्हा वही जुळवत बसायचा. कॅश जितकी मोठी, तितका हा वेळ जास्त.

शोध दादांनीच लावला. ते एका वहीत रोज मशीनचे आकडे लिहायचे: डिस्क किती भरली, रॅम किती मोकळी, स्वॅप किती. तीन आठवड्यांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवल्यावर त्यांना दिसलं की डिस्क भरतेय तशी रॅम उतरतेय. त्यांनी ‘कॅश_डिर’ ३० जीबीवर आणलं, ‘कॅश_मेम’ ९६ एमबीवर, साठवणीची पद्धत ‘यूएफएस’वरून ‘एयूएफएस’ केली (म्हणजे एका डिस्क-वाचनासाठी सगळा स्क्विड थांबत नाही), आणि डिस्क ‘नोएटाइम’ने जोडली. दुसऱ्या दिवशी नेट नीट. हिट फारसे कमीही झाले नाहीत. याचं कारण १९९९च्या ब्रेस्लाऊ आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधात आहे: हिटचं प्रमाण कॅशच्या आकाराच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढतं. दरवेळी कॅश दुप्पट करा, मिळकत तेवढीच थोडीशी. खपणारा माल थोडाच असतो.

गंमत म्हणजे ‘कॅश_मेम’ ही एकूण मेमरीची मर्यादा नव्हे, अशी स्पष्ट सूचना त्याच फाईलीत, त्याच ओळीच्या वर लिहिलेली होती. मी ती न वाचता खाली आकडा टाकला होता.

आता संशोधनाचा मुद्दा. मागच्या वर्षी त्याच कॉलेजची त्या काळातली कागदपत्रं पाहायला मिळाली. फाईलीत तक्रारअर्ज आहेत, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आहे, बैठकीचं इतिवृत्त आहे. सगळ्यांत एकच निष्कर्ष: लाईन अपुरी, देखभाल ढिसाळ. मी तिथे नसतो तर ‘ग्रामीण भागातली अपुरी बँडविड्थ’ असं प्रकरणाचं शीर्षक देऊन मोकळा झालो असतो, तळटिपाही भक्कम दिसल्या असत्या. दादांची वही मात्र दप्तरात नाही. ती त्यांच्या घरी होती, कारण कुणी मागितलीच नव्हती. ती पाहायला गेलो तेव्हा सोळा वर्षं उशिरा का होईना, सेटिंग माझं होतं हे सांगितलं. ते म्हणाले, "माहीत होतं रे. फाईलीत तारीख असते."

तेव्हा तयारी करणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सेटिंगमधला आकडा तारखेसकट वाचा. स्क्विड २ मध्ये ‘कॅश_मेम’चा मूळ आकडा ८ एमबी होता, ३.१ पासून २५६, आणि तेव्हापासून डिस्क-कॅश आपोआप सुरूही होत नाही. त्यात रॅमची बदललेली किंमत आणि कामाची बदललेली तऱ्हा दोन्ही दिसतात. पुढे वेब एचटीटीपीएसवर गेलं, प्रॉक्सीला आतलं पान दिसेनासं झालं आणि ही सगळी हुशारीच इतिहासजमा झाली. दोन, कारण आणि परिणाम यांत तीन आठवड्यांचं अंतर असू शकतं, म्हणून घटना घडली त्या दिवसाचीच कागदपत्रं पाहून थांबू नका. तीन, जुने अ‍ॅक्सेस लॉग मिळाले तर सांभाळून. कुणी काय पाहिलं ते त्यात असतं, आधी ओळख पुसा, मग मोजा.

आणि एक चौथी, जी कुठल्याच संशोधन-पद्धतीच्या पुस्तकात मला मिळाली नाही. दप्तरात ज्याच्यावर ठपका आहे, त्या माणसाला एकदा जाऊन भेटा. त्याच्याकडे वही असू शकते.