इंजिनबांधणीनंतर तेलदाबाची तपासणी

१०० ते १२५ सीसीच्या बहुतेक भारतीय मोटारसायकलींच्या क्रँकला बॉल व रोलर बेअरिंग असतात; त्यांना मोठ्या दाबापेक्षा तेलाचा अखंड प्रवाह अधिक आवश्यक असतो. म्हणून घरी इंजिन बांधल्यावर तेल हेडपर्यंत पोहोचते का, हे प्रथम पाहावे. तेल खुणेपर्यंत भरावे, इग्निशन बंद ठेवून स्पार्क प्लग व टॅपेटचे झाकण काढावे आणि किक मारत राहावे. रॉकरपाशी ताजे तेल झिरपल्यास मार्ग मोकळा आहे. तो कोरडाच राहिल्यास पंप बदलण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: पंपात अडकलेली हवा, राहून गेलेली ओ-रिंग किंवा उलटे बसलेले गॅस्केट, आणि अतिरिक्त सीलंटने बुजलेले तेलाचे छिद्र. तेल दिसेपर्यंत इंजिन सुरू करू नये; तेलाविना फिरणारा कॅमशाफ्ट अल्पावधीत झिजतो.