मूल चालेल केव्हा?

शेजारचे मूल वर्षाचे होताच घरभर दुडदुडू लागते आणि आपले मात्र अद्यापि भिंत धरून उभे राहते, हे पाहून आईच्या मनात धास्ती शिरते. ही धास्ती पुरातन आहे. तिला महिन्यांचा हिशेब मिळाला तो अर्वाचीन काळी.

१८७७ साली चार्ल्स डार्विनने आपल्या पुत्राच्या शैशवाची टिपणे प्रसिद्ध केली. परंतु एका मुलावरून सर्वांचे माप कसे ठरावे? १९११ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल ह्यांनी बालविकासाच्या अभ्यासाचे केंद्र काढले. बालकांची चलच्चित्रे घेऊन कोणत्या वयात काय साधते, ह्याची कोष्टके त्यांनी रचली. वैद्यांस ती उपयोगी पडली. मात्र ती मुख्यत्वे न्यू हेवन शहरातील मध्यमवर्गीय मुलांवरून घेतलेली होती. शिवाय सरासरी म्हणजेच अखेरची मुदत, असा समज घरोघर रुजला.

२००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका येथील ८१६ निरोगी बालकांच्या निरीक्षणाचे फलित प्रसिद्ध केले. आधाराविना चालण्याचा काळ ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. शंभरांतील सुमारे चार मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

तात्पर्य, निसर्गाची वेळ हा एक दिवस नव्हे, तो मोठा अवधी होय. तो उलटला, अथवा साधलेली कृती हरपली, तर मात्र विलंब न लावता वैद्यास दाखवावे. आईच्या धास्तीचे खरे मोल तेथेच आहे. शेजारच्या अंगणाशी तुलना करण्यात नव्हे.